‘बरं आहे’ या उत्तरावर थांबू नका



कॅन्सर हा शब्द घरात आला की पहिला प्रश्न पैशाचा असतो, दुसरा जाण्यायेण्याचा आणि तिसरा ‘वाचेल ना?’ हा. रुग्ण लहान मूल असेल तर आई त्याला मांडीवर घेऊन बसते. मोठं माणूस असेल तर ते स्वतः डॉक्टरांशी बोलतं. पण १५-१६ वर्षांच्या मुलाचं काय? तो मांडीवर मावत नाही आणि डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत त्याला कोणी बसवत नाही. बाप बोलतो, मुलगा मागे उभा राहून ऐकतो. त्याचं वजन होतं, ताप मोजतात, रक्त काढतात. शेवटी कोणीतरी विचारतं, ‘काय रे, कसं वाटतंय?’ तो म्हणतो, ‘बरं आहे.’ आणि सगळे पुढच्या तारखेकडे वळतात.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. अशा मुलाच्या रक्ताची तपासणी जशी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पद्धतीने होते, तशीच त्याच्या मनाला होणाऱ्या त्रासाची चौकशीही ठरवून झाली पाहिजे. ती त्याला एकट्याला विचारून झाली पाहिजे आणि विचारल्यावर पुढे मदत करणारा माणूस हाताशी असला पाहिजे. शिवाय मूल उपचार घेऊन गावी परतलं की ही चौकशी बंद पडते. तिथून पुढचं काम आपलं आहे, म्हणजे घराचं आणि शाळेचं.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. डी.एड. करून प्राथमिक शाळेत शिकवणारी शिक्षिका आहे. मग किशोरवयीन मुलांबद्दल मी का लिहावं? कारण सहावी-सातवीतली ११-१२ वर्षांची मुलंही किशोरच असतात. आणि आपल्या हाताखालून पुढे गेलेलं मूल शाळा सोडतं, गाव सोडत नाही. म्हशाच्या बाजारात, जत्रेत, एसटी स्टँडवर ते आपल्याला भेटतच राहतं आणि कितीही मोठं झालं तरी ‘बाई’ म्हणून हाक मारतं. ही ओळख फार कामाची आहे.

ही मुलं कोण?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ० ते १९ वयाच्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. २०३० पर्यंत जगभरातली किमान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत, असं उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये ठेवलं. वाचणारी मुलं वाढतील तसा पुढचा प्रश्नही मोठा होत जाईल. वाचलेलं मूल पुढचं आयुष्य कोणत्या मनाने जगणार?

किशोरवयात रक्ताचा कॅन्सर होतो, लसिकाग्रंथींचा होतो, हाडाचाही होतो. हाडाचा कॅन्सर बऱ्याचदा उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात, गुडघ्याच्या आसपास दिसतो. रक्ताच्या कॅन्सरच्या एका नेहमीच्या प्रकारात उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. म्हणजे आठवीत सुरू झालेला उपचार दहावीच्या परीक्षेपर्यंत सोबत असतो.

आपल्या भागातून विचार करा. म्हशाहून एसटीने मुरबाड, मुरबाडहून कल्याण, कल्याणहून लोकलने परळ. तिथे १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. शहापूरकडची माणसं आसनगावला लोकल पकडतात. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. बाहेरगावच्या मुलांच्या कुटुंबांना मोफत राहता यावं म्हणून सेंट ज्यूड संस्थेने २००६ मध्ये मुंबईत केंद्र सुरू केलं, पुढे इतरही शहरांत केली. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसता येतं. या सगळ्या सोयी फार मोलाच्या आहेत. पण त्या डब्यात बसलेल्या १६ वर्षांच्या पोराला कोणी ‘धडधाकट दिसतोस, तू इथे कसा?’ असं विचारलं, तर त्याच्या मनात काय होतं, याची नोंद कुठल्याच फाइलमध्ये होत नाही.

हे वयच वेगळं

डी.एड.ला आपण बालमानसशास्त्र शिकलो. किशोरवय म्हणजे आईबापापासून थोडं सुटून मित्रांकडे जाण्याचं वय, आरशात पुन्हा पुन्हा बघण्याचं वय, ‘मी कोण होणार’ हे ठरवण्याचं वय. कॅन्सर नेमका याच तीन गोष्टींवर येतो.

सुटायच्या वयात मुलगा पुन्हा आईच्या हाती जातो. औषध आई देते, उलटी आई पुसते. आरशात बघायच्या वयात केस जातात. काही उपचारांत स्टिरॉइडच्या गोळ्या असतात. त्यांनी चेहरा सुजतो, भूक भडकते आणि मूल विनाकारण चिडतं, रडतं. घरचे म्हणतात, ‘आजारी पडल्यापासून फार हट्टी झालाय.’ तो हट्ट अनेकदा गोळीचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मित्र सहा महिने विचारपूस करतात, मग त्यांचं दहावीचं वर्ष येतं आणि ते आपापल्या मार्गाला लागतात.

मुलींचा त्रास आणखी वेगळा. ‘कोणाला सांगू नका, पुढे लग्न जमणार नाही’ हे वाक्य तिच्या कानावर पडतं. काही उपचारांचा पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. हा प्रश्न मुलग्यांनाही असतो, मुलींनाही असतो. पण तो विचारायचा कोणाला? आईला विचारता येत नाही, डॉक्टरांसमोर बाप उभा असतो.

आपल्याकडच्या मुलांच्या मनात आणखी एक ओझं असतं, ते म्हणजे घराच्या खर्चाचं. बापाची मजुरी बुडते. गोठ्यातली म्हैस विकली जाते. धाकट्या बहिणीची शाळा सुटते की काय, अशी वेळ येते. हे सगळं १५ वर्षांच्या मुलाला लख्ख दिसत असतं. अशा मुलाने ‘पाय दुखतोय’ म्हणण्याऐवजी ‘बरं आहे’ म्हटलं, तर त्यात नवल काय? तो घरच्यांना सांभाळत असतो.

दोन्हीकडून लपवाछपवी

इकडे मुलगा घरच्यांपासून लपवतो आणि तिकडे घरचे मुलापासून. ‘त्याला आजाराचं नाव सांगू नका, धसका घेईल,’ असं आपण सहज म्हणतो. २००४ साली आलेला संदीप सावंत यांचा ‘श्वास’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यात लहानग्या परशाला डोळ्यांचा कॅन्सर होतो. शस्त्रक्रियेने जीव वाचणार, पण दृष्टी जाणार. आधी मुलाला हे सांगायला हवं, असं डॉक्टर म्हणतात आणि आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिथे रुग्णालयातली समाजसेविका मदतीला येते. तो चित्रपट पाहताना आपण सगळे रडलो. पण त्यातून घ्यायचा धडा सोपा होता. मुलाला काहीतरी गंभीर आहे हे कळलेलंच असतं. कळूनही बोलायला कोणी नसतं, त्याचा त्रास जास्त होतो.

परशा लहान होता. १६ वर्षांच्या मुलाच्या हातात तर मोबाइल असतो. गोळीच्या पाकिटावरचं नाव तो टाकून बघतो आणि रात्री अंधारात जे दिसेल ते वाचतो. खरं काय, आपल्या आजाराला लागू काय, हे सांगायला शेजारी कोणी नसतं.

मनाची चाळणी म्हणजे काय?

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं. भिंतीवर तक्ता लावून मुलांचे डोळे तपासतं. त्या तक्त्याने कोणाला चष्मा लागत नाही. कोणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं, एवढंच कळतं. मनाची प्राथमिक तपासणी, म्हणजे स्क्रीनिंग, हे तसंच काम आहे. त्यातून ‘या मुलाला नैराश्य आहे’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘याच्याशी जरा निवांत बोलायला हवं’ एवढीच खूण मिळते.

यासाठी जगभर वापरलं जाणारं एक साधं साधन आहे, त्याला त्रासाचा थर्मामीटर म्हणू. न्यूयॉर्कमधल्या डॉ. जिमी हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सरच्या रुग्णांसाठी ते तयार केलं आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. कागदावर तापमापकाचं चित्र असतं, त्यावर ० ते १० आकडे. ० म्हणजे काहीच त्रास नाही, १० म्हणजे टोकाचा त्रास. ‘आज धरून गेल्या आठवड्यात तुला किती त्रास झाला, तिथे खूण कर,’ एवढंच सांगायचं. ४ किंवा त्याहून वर खूण असेल तर पुढे चौकशी करायची, असा सर्वसाधारण संकेत आहे.

सोबत एक यादी असते. पैसे, प्रवास, शाळा, घरातली माणसं, भीती, दुःख, झोप, दुखणं, भूक, श्रद्धेचे प्रश्न. त्यातलं जे लागू असेल त्यावर टिचकी मारायची. मला ही यादी आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. कारण मनाचा त्रास म्हटला की आपण लगेच मनोरुग्णालयापर्यंत पोचतो. प्रत्यक्षात ७ वर खूण करणाऱ्या मुलाचा त्रास ‘माझं दहावीचं वर्ष गेलं’ एवढाच असू शकतो. अशा वेळी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, ही माहिती त्याच्यासाठी औषधाचं काम करेल. ती माहिती द्यायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, शाळेतला क्लार्क पुरतो.

अमेरिकेत १५ ते ३९ वर्षं हा कॅन्सरच्या रुग्णांचा वेगळा गट मानतात, कारण लहान मुलांचा वॉर्ड त्यांना लहान पडतो आणि मोठ्यांच्या वॉर्डात ती एकटी पडतात. ऑस्ट्रेलियात १९८५ पासून काम करणाऱ्या कॅनटीन या संस्थेने तर या वयासाठी तपासणीचा खास नमुना तयार केला. त्यात शिक्षण, नोकरी, मित्र, जोडीदार असे त्या वयाचे प्रश्न आहेत. हे योग्यच आहे. साठीच्या आजोबांना आणि सोळाच्या नातवाला एकच प्रश्नपत्रिका कशी चालेल?

‘समजलं का?’ ‘होऽऽ बाई!’

हा विषय शिक्षकाला लवकर कळतो, असं मला वाटतं. वर्गाला ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘होऽऽ बाई’ म्हणतो. कोणाला खरंच समजलंय, हे त्या ‘हो’वरून कळत नाही. म्हणून आपण पाटीवर एक उदाहरण सोडवायला देतो, प्रत्येकाजवळ जाऊन बघतो. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न ‘समजलं का?’ सारखाच आहे. त्याला एकच उत्तर ठरलेलं असतं. आकड्यावर खूण करायला सांगणं म्हणजे पाटीवर उदाहरण देणं. मुलाला क्षणभर स्वतःकडे बघावं लागतं.

दुसरं साम्य आकारिक मूल्यमापनाचं. आकारिक नोंदीत कोणी नापास होत नाही. मूल कुठे अडलंय ते कळावं आणि आपलं शिकवणं बदलावं, यासाठी ती असते. पण आपल्याला हेही माहीत आहे की नोंदवही कशी भरली जाते. सत्र संपताना एका बैठकीत सगळे रकाने भरले, तर मुलाला त्याचा काय उपयोग? मनाच्या तपासणीचंही असं होऊ शकतं. रुग्णालयाने कागद भरून घेतला, फाइलला लावला आणि मुलगा गाडी पकडून घरी आला. नुसती तपासणी करून रुग्णांच्या मनाला फारसा आराम पडत नाही, तपासणीला पुढची मदत जोडली तरच फरक पडतो, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. म्हणून माझा आग्रह फॉर्मपेक्षा फॉर्मनंतरच्या माणसाचा आहे. समुपदेशक, समाजसेवक, प्रशिक्षित परिचारिका, कोणीतरी ठरलेलं हवं. ४ च्या वर खूण झाली की त्याच दिवशी, मूल गाडीला लागण्याआधी, त्याने मुलाशी बोललं पाहिजे.

शब्द आपले हवेत

इंग्रजीत या तपासणीसाठी मुद्दाम सौम्य शब्द निवडला गेला. मानसिक आजार, विकार असं काही म्हटलं की रुग्ण मिटतो, म्हणून सर्वांना आपला वाटेल असा ‘त्रास’ या अर्थाचा शब्द घेतला. मराठीत आपल्याला याची जास्तच गरज आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यात तर ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि त्याचं नाव आपण चेष्टेसाठी वापरतो. ज्या गावात ही थट्टा चालते तिथे कोणता मुलगा ‘मला मानसिक त्रास आहे’ म्हणेल?

आमच्याकडची मुलं ‘नैराश्य’ किंवा ‘चिंता’ असे शब्द वापरत नाहीत. ती म्हणतात, ‘मन लागत नाही.’ ‘डोकं भणभणतं.’ ‘जीव घाबरतो.’ ‘कोणाशी बोलू नये वाटतं.’ ‘टेन्शन येतं.’ ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतल्या मुलांची बोली आणखी वेगळी. मुंबईत छापलेला शुद्ध मराठीतला फॉर्म त्या मुलापुढे ठेवला तर तो लाजून ० वर खूण करील आणि मोकळा होईल. म्हणून असे प्रश्न मुलांच्या तोंडच्या शब्दांत हवेत, न वाचता येणाऱ्याला कोणीतरी वाचून दाखवायला हवेत आणि शक्य तिथे चित्रं हवीत. या कामात रुग्णालयांनी शिक्षकांची मदत घ्यावी. मुलाला प्रश्न कसा विचारला की तो बोलतो, हे आपण रोज करतो.

काही शंका

पहिली शंका अशी की विचारल्याने मुलाच्या मनात नको ते विचार येतील. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असं नीट विचारल्याने तो विचार वाढतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट कोणीतरी विचारलं याचा अनेकांना आधार वाटतो. विचार आधीच असेल तर न विचारल्याने तो जात नाही, फक्त आपल्याला कळत नाही.

दुसरी शंका वेळेची. सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयात रांग केवढी असते, ते आपण पाहतो. पण आकड्यावर खूण करायला दोन मिनिटंही लागत नाहीत आणि ती रांगेत बसल्याबसल्याही करता येते. फक्त त्या दोन मिनिटांत आईवडील शेजारी नसावेत. आई बघत असेल तर ८ चा २ होतो.

तिसरी शंका, आकडा चुकला तर? चुकणारच. एखाद्याची त्या दिवशी गाडी चुकली म्हणून तो ९ वर खूण करील. एखादा आतून खचलेला असूनही १ वर करील. म्हणून एकदा विचारून भागत नाही. निदान झाल्यावर, उपचार बदलल्यावर, आजार उलटल्यावर आणि उपचार संपल्यावरही विचारायला हवं. उपचार संपल्यावर कशाला, असं वाटेल. पण तेव्हाच अनेक मुलं ढासळतात. रुग्णालयात रोज कोणी ना कोणी तपासत होतं. आता घरी एकटं असताना प्रत्येक डोकेदुखी ‘परत आला की काय’ अशी वाटते. टाटा रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं. इंडियन कॅन्सर सोसायटीने २००९ मध्ये बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट सुरू केला. आजार संपला तरी काम संपत नाही, हे त्या लोकांनी ओळखलं.

चौथी शंका, आधी जीव वाचू दे, मनाचं नंतर बघू. हीच शंका सर्वांत जास्त ऐकू येते आणि तीच सर्वांत धोक्याची आहे. रक्ताच्या कॅन्सरमध्ये उपचाराचा मोठा भाग घरी रोज गोळ्या घेण्याचा असतो. मूल दिसायला ठणठणीत असतं, गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या असतात. मन उडालेलं पोर ‘घेतली’ म्हणतं आणि गोळी खिडकीतून टाकतं. गोळ्या वारंवार चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. तारखांना जाणं बंद झालं तर आधीचा सगळा खर्च आणि सोसणं वाया जातं. मनाचा त्रास वेळीच कळणं हा जीव वाचवण्याचाच भाग आहे.

मूल गावी परतल्यावर

रुग्णालयात सगळं नीट झालं असं धरू. तरी पुढची तारीख महिन्याने किंवा तीन महिन्यांनी. मधले दिवस ते मूल आपल्यात असतं. शिक्षकाने काय करावं, याबद्दल माझं मत असं आहे.

१. फॉर्म वाटू नका. तपासणीचे कागद शाळेत आणून एका मुलाकडून भरून घेणं हे आपलं काम नाही. आपलं काम लक्ष ठेवण्याचं आणि बोलण्याचं. झोप, जेवण, अभ्यास, मित्र यांतलं काही दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं दिसलं तर ती खूण समजा.

२. एकट्याला विचारा आणि नेमकं विचारा. ‘कसा आहेस?’ ऐवजी ‘या आठवड्यात सगळ्यात वाईट दिवस कोणता गेला?’ असं विचारलं तर मूल एखादा दिवस सांगतं. सांगू लागलं की उपदेश करू नका. ‘तू वाघ आहेस, रडायचं नाही’ असं म्हटलं की त्याचं बोलणं तिथेच बंद होतं. रडणारा मुलगाही उपचार पूर्ण करतो.

३. गुपित पाळा. मुलाच्या आजाराची, मनाची गोष्ट स्टाफरूममध्ये किंवा शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊ नये. त्याचा फोटो टाकून मदतीचं आवाहन करण्याआधी त्याला विचारा, फक्त त्याच्या वडिलांना नव्हे. एक अपवाद आहे. मुलाच्या जिवाला धोका वाटला तर ते लपवून ठेवायचं नाही, आणि हे त्याला आधीच सांगायचं.

४. वर्गाला तयार करा. कॅन्सर शिवल्याने, डबा वाटून खाल्ल्याने होत नाही, हे स्पष्ट सांगा. टोपी घातली तर घालू द्या. मात्र उपचार चालू असताना त्याला संसर्ग लवकर होतो. वर्गात कांजिण्या, गोवर असं काही निघालं तर त्याच्या घरी त्याच दिवशी कळवा.

५. मदतीच्या जागा माहीत ठेवा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. गावच्या आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय या ठिकाणी चौकशी करता येते. किशोरवयीनांसाठी सरकारची ‘मैत्री’ क्लिनिक असतात, आपल्याजवळ कुठे आहे ते विचारून ठेवा.

६. मूल ‘जगून काय उपयोग’, ‘मी गेलो तर सगळ्यांचा त्रास वाचेल’ असं बोललं, तर चेष्टेवारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका. घरातली फवारणीची आणि उंदरांची औषधं हाताला लागणार नाहीत अशी ठेवायला सांगा. १४४१६ वर फोन करा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

पालकांनाही एक सांगते. पुढच्या तारखेला परळला किंवा जिथे उपचार चालू असतील तिथे गेलात की दोन प्रश्न जरूर विचारा. ‘इथे मुलाच्या मनाची तपासणी होते का?’ आणि ‘समुपदेशक किंवा समाजसेवक कुठे बसतात?’ हे विचारण्यात कमीपणा नाही. रक्ताचा रिपोर्ट मागताना आपण लाजत नाही ना? आणि डॉक्टरांना मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोलू द्या. तो तुमच्याविरुद्ध काही सांगायला तिथे थांबत नाही. तुम्हाला त्रास होईल म्हणून जे तो घरी बोलत नाही, ते सांगायला त्याला एक जागा हवी असते.

शासनाकडे मागणी करायची तर ती छोटी आणि नेमकी करूया. ज्या रुग्णालयात योजनेतून मुलांवर आणि तरुणांवर कॅन्सरचे उपचार होतात, तिथे मनाची तपासणी ठरलेल्या टप्प्यांवर व्हावी. तिच्यासाठी माणूस नेमलेला असावा. आणि मूल गावी जाताना, त्याची आणि घरच्यांची संमती असेल तर, शाळेसाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी. हजेरीत काय सवलत हवी, काय जपायचं, काही वाटलं तर कोणाला फोन करायचा. आजाराचा तपशील त्यात नसला तरी चालेल, पण फोन नंबर असावा. आज ते मूल शाळेत परत येतं तेव्हा आपल्या हातात फक्त ‘आजारपणामुळे गैरहजर’ एवढा एक शेरा असतो. त्या शेऱ्यावरून मुलाला किती जपायचं आणि कधी कोणाला कळवायचं, हे कोणत्याच शिक्षकाला ठरवता येणार नाही.